शुक्रवारी, दहा गुणांची

डिचोलीच्या बसस्टँडमागे, पतपेढीच्या माडीवर
माझा इंग्रजीचा वर्ग: मधली पायरी.
म्हणजे 'माय नेम इज' येऊन गेलंय,
पण फोनवर पलीकडून कुणी भराभरा बोलू लागलं
की कान अजून बधिर होतात, असे सगळे.

दर शुक्रवारी चाचणी. दहा वाक्यं, वीस मिनिटं.
झेरॉक्सवाला एका कागदाचे चार तुकडे करून देतो,
पट्टी लावून, तरी तिरके.
लाल पेन मी वापरत नाही. पेन्सिल.
शाळेत होते तेव्हा हेडमास्तर म्हणायचे,
मुलांना जरा धास्ती हवी.
इथली मुलं! सर्वांत धाकटा बावीसचा,
आणि शाबा माजीक सत्तेचाळीसचा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
पण इथे प्रत्येकाचा भात वेगळ्या चुलीवर.
रेजिना फुर्तादोला दर वेळी दहा.
लंडनला मावशीकडे जायचंय, म्हाताऱ्यांची सेवा करायला.
दहापैकी दहा, आणि तोंडातून शब्द नाही.
सुलक्षा गावस कळंगुटला हॉटेलच्या काउंटरवर,
रशियन पाहुण्याशी बिलावरून भांडून, त्याला हसवून येते,
आणि तिला चार. कधी साडेचार.
चवथीच्या सुट्टीनंतर तर सगळ्यांनाच तीन:
नेवऱ्यांबरोबर क्रियापदंही संपवून येतात.

तिसरा प्रश्न ठरलेला.
पूर्वी होतं, आता नाही, ते 'यूज्ड टू' वापरून लिहा.
शाबा ती ओळ कोरी सोडायचा.
चार शुक्रवार.
पाचव्या शुक्रवारी लिहिलं,
'आय हॅव अ ट्रक सिन्स टू थाउजंड नाइन.'
मी अर्धा गुण दिला.
'हॅव' नव्हे, 'हॅव हॅड'. आणि विचारलं होतं भलतंच.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात थांबला.
"बाई, ट्रक आसा मगो अजून."
खाण बंद पडली तेव्हापासून अंगणात उभा, फणसाखाली.
दर आयतारी सकाळी दहा मिनिटं चालू करून ठेवतो,
बॅटरी मरू नये म्हणून.
शेजारीण धुराच्या नावाने बोटं मोडते.
"मग होता असं कसं लिहू?"

पेन्सिलीने अर्ध्याचा एक केला.
व्याकरणात बसत नव्हतं,
माझ्या वहीत बसलं.

ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार.
तिसऱ्या प्रश्नापुढे त्याचं अक्षर,
इतकं दाबून लिहिलेलं की कागदाच्या पाठीवर उमटलेलं:
'आय यूज्ड टू हॅव अ ट्रक.'
एक चूक नाही. पूर्णविरामसुद्धा.

प्रगती म्हणतात ती हीच असणार,
इतके शुक्रवार मी हिचीच तर वाट पाहत होते.
बरोबरची खूण करायला पेन्सिल टेकवली
आणि नुसती टेकवून ठेवली.
मग केली खूण. त्या दिवशी त्याला नऊ.
एवढे कधीच पडले नव्हते.

कागद घडी करून त्याने खिशात घातला.
"बेळगांवच्या मनशान व्हेलो," म्हणाला,
आणि मग इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत,
"इट इज करेक्ट, मिस?"
"करेक्ट," मी म्हणाले.

रात्री पुढच्या शुक्रवारची वाक्यं काढायला बसले.
तिसरा प्रश्न वगळला.
मग आठवलं, सुलक्षाचं त्यातच अडतंय अजून.
परत घातला.
फक्त त्याच्यापुढची रेघ जरा लांब आखली,
कुणाला कोरी सोडायची असेल
तर नीट सोडता यावी.